अर्ध्या पुस्तकांची पेटी

आमच्या मिशनच्या शाळेच्या लायब्ररीत पुस्तक स्वच्छ परत आणणाऱ्याची काही खैर नसायची. पान दुमडलेलं, कडेला हळदीचं बोट उमटलेलं, मधेच एखादं भाताचं शीत वाळून चिकटलेलं, असं पुस्तक आलं की लायब्ररी सांभाळणाऱ्या सिस्टरांचा चेहरा खुलायचा. पुस्तक त्या आधी नाकाशी न्यायच्या, डोळे मिटून वास घ्यायच्या आणि निकाल सांगायच्या, "हे चुलीजवर वाचलं. आन् त्या दिवशी घरी मासे होते." समोरचं पोरगं थक्क होऊन मान हलवायचं. याउलट पुस्तक कोरंकरकरीत परत आलं, तर त्या ते उलटंसुलटं करून बघायच्या आणि सगळ्यांदेखत विचारायच्या, "हे तं ट्रंकेत निजून आलं. काऊन बाबू, अंगाई म्हनली का याले?"

आमच्या मुख्याध्यापिकाही सिस्टरच होत्या. त्यांना आम्ही सगळे मोठ्या सिस्टर म्हणायचो. त्या शिस्तीच्या. शाळेतली खिडकीची काचसुद्धा त्यांना पुसलेली लागायची. तपासणीचे दिवस जवळ आले की त्या लायब्ररीत येऊन एखादं पुस्तक दोन बोटांत धरायच्या आणि विचारायच्या, "हे काय आहे?"

आमच्या सिस्टर शांतपणे सांगायच्या, "वरन आहे. तुरीच्या डारीचं."

मी त्या शाळेत मराठीचा मास्तर म्हणून लागलो तेव्हा माझ्या अंगात शुद्ध मराठीचं वारं शिरलेलं होतं. गोंदिया शहरात वाढलेल्या माणसाची मराठी अर्ध्याहून जास्त हिंदीत भिजलेली असते. ती खोड मोडायला मी नागपुरात बी.एड. करताना दोन वर्षं जिभेला वळण लावत बसलो होतो. नोकरी मिळाली ती देवरीच्या पलीकडे, जंगलाच्या अंगाला, मिशनच्या शाळेत. पहिल्याच दिवशी व्हरांड्यात एक ठेंगणी, पांढऱ्या झग्यातली, पायांत पुरुषी चपला घातलेली सिस्टर समोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "तू नवा मास्तर व्हय का? मंग अठी उभा राहून का करून राहिला? लायब्ररी तिकडं आहे." मी मनात म्हटलं, आपलं काही खरं नाही.

सिस्टर मूळच्या केरळच्या. तरुणपणी इकडे आल्या तेव्हा त्यांना कुणीतरी सांगितलं, आधी लोकांची भाषा शिका. त्या सरळ धानाच्या बांधीत, म्हणजे भातखाचरात, उतरल्या आणि रोवणी करणाऱ्या बायांकडून मराठी शिकल्या. त्यामुळे त्यांची मराठी म्हणजे या जंगलपट्टीची अस्सल झाडीबोली झाली, चिखलासकट. 'तुम्ही' हा शब्द त्या बायांनी त्यांना शिकवला नसावा. तपासणीला आलेल्या साहेबालाही त्या "तू बस, चहा येऊन राहिला" म्हणायच्या. खरी गंमत होती ती ळची. मल्याळी माणसाचा ळ म्हणजे काय सांगावं, जिभेवर घोटून काढलेला. पण झाडीत ळचा र होतो, डोळ्याचा डोरा होतो आणि शाळेची शारा होते. म्हणून सिस्टरांनी आपला जन्माचा ळ सोडून दिला. फक्त आपण कुठल्या हे सांगताना 'केरळ' या शब्दात तो एकदा लखलखीत उमटायचा. मी एकदा धीर करून सुचवलं, "सिस्टर, तुमचा ळ इतका छान आहे, बाकीच्या शब्दांतही वापरा की."

"मंग इथल्या बाया मले परकी म्हनतीन," त्या म्हणाल्या.

लायब्ररी होती जुन्या देवळात. देऊळ म्हणजे चर्च, गावातले सगळे तसंच म्हणायचे. रस्त्याच्या कडेला नवं चर्च झालं तेव्हा हे जुनं, कौलारू, लायब्ररीला मिळालं. पुस्तकं कुठून कुठून यायची. शहरातली माणसं घर बदलताना, मुलं मोठी झाली म्हणून, माळा साफ करताना गठ्ठे बांधून पाठवायची. त्यात कुणाला शेंडा नसायचा, कुणाला बुडखा. सिस्टर त्यांना कव्हरं घालायच्या ती धानाच्या बियाण्याच्या पिशव्यांची. प्लॅस्टिकची विणलेली पिशवी, पाणी लागू देत नाही आणि उंदरालाही दातात धरवत नाही. पिशवीवरचं वाणाचं नाव नेमकं पुस्तकाच्या पोटावर यायचं आणि पुस्तकाचं नाव आत झाकलं जायचं. पोरांना त्याची काही अडचण नव्हती. "सिस्टर, चिन्नोरची राजकन्या द्या," "सिस्टर, एक हजार दहामधलं भूत कोनं नेलं?" अशा मागण्या यायच्या. परगावच्या एका पाहुण्याला वाटलं, इथे बियाणंही विकतात.

शांतता पाळा अशी पाटी तिथे नव्हती. उलट एखादं पोर कोपऱ्यात गप्प बसून वाचताना दिसलं तर सिस्टर त्याच्या डोक्यावर हात ठेवून म्हणायच्या, "तोंडानं वाच, बाबू. परीक्षेचं आहे का ते?" मग ते पोर मोठ्याने वाचायला लागायचं. त्याच्या शेजारचं आपलं पुस्तक आणखी मोठ्याने वाचायचं. मधल्या सुट्टीत त्या खोलीवरून जाताना आठवडी बाजाराचा भास व्हायचा. माझा वर्ग शेजारीच होता. मी तक्रार केली तेव्हा सिस्टर म्हणाल्या, "तुह्या वर्गात आवाज नाई, त्याचं मले भेव वाटते."

आणि त्या लायब्ररीत एक पेटी होती. जुन्या देवळाबरोबर ती मागे राहिली होती. लाकडी, माणसाच्या उंचीची, मधे बसायची जागा, पुढे आखूड दार आणि पडदा, बाजूला जाळी. लोक त्या जाळीशी गुडघे टेकून आपली पापं सांगायचे आणि आत बसलेले फादर ऐकायचे. नव्या चर्चमध्ये नवी आली, म्हणून ही रिकामी. सिस्टरांनी ती अर्ध्या सोडलेल्या पुस्तकांसाठी लावली.

रीत अशी होती. पुस्तक पुरं झालं तर वहीत नाव लिहून मोकळं व्हायचं. अर्धं सोडलं तर पेटीत यायचं. पण आत सिस्टर बसायच्या नाहीत. "ते फादरची जागा आहे," म्हणून त्यांनी आतल्या गादीवर पोराला बसवायचं ठरवलं आणि स्वतः बाहेर, जाळीशी, लाकडी फळीवर गुडघे टेकून कान लावायचा. फादरांना हे कळलं तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "सिस्टर आत बसत नाहीत ना? मग मी काही पाहिलं नाही." आमच्या शाळेत ख्रिस्ती पोरं मोजकी. बाकीची बौद्ध, पोवार, गोंड, कुणबी. त्यातल्या कितीतरी पोरांची आजही खात्री असेल की ख्रिस्ती लोक दर रविवारी देवळात जाऊन अर्धी राहिलेली पुस्तकं कबूल करतात.

सिस्टर जाळीतून दोनच प्रश्न विचारायच्या, कुठे सोडलं आणि का, आणि उत्तर आपल्या वहीत लिहून घ्यायच्या. "कोठी सोडलं? आन् काऊन?" रागवायच्या कधीच नाहीत. पोरंही पडद्याआड बसून खरं बोलायची. "राजा लई बोलते, करत कायीच नाई." "त्याच्यात मायच मरून गेली, मंग मी ठेवून देलं." एकदा सहावीतल्या एका पोराने वाघाची गोष्ट सोडली. का, तर त्यातला वाघ भर उन्हात रानभर हिंडतो. त्याचे बाबा नागझिऱ्याच्या अभयारण्यात गाईड. तो ठामपणे म्हणाला, "सिस्टर, वाघ दुपारी फिरत नाई. पान्यात बसते. ज्यानं लिहिलं त्यानं वाघ पाहिला नाई." सिस्टरांनी पुस्तकाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने लिहिलं, 'वाघ दुपारी पाण्यात बसतो. सहावी ब.' मग तो आक्षेप बरोबर की चूक हे बघायला अर्ध्या शाळेने ते पुस्तक नेलं.

अर्धं सोडल्याची शिक्षा एकच होती. ते पुस्तक दुसऱ्या कुणाच्या तरी गळ्यात बांधायचं. आपण जिथवर वाचलं तिथवरची गोष्ट अशी सांगायची की ऐकणाऱ्याला पुढचं वाचल्यावाचून चैन पडू नये. आमची पोरं यात इतकी तरबेज झाली की काही तर पुस्तक मुद्दाम अर्धं सोडायची.

माझीही पाळी आली. नोकरीला महिना झाला असेल. सिस्टरांनी व्हरांड्यात गाठून विचारलं, "मास्तर, तू कोन्तं वाचून राहिला?" मी एका जाडजूड कादंबरीचं नाव ठोकून दिलं. "कितव्या पानावर आहे?" मी म्हटलं, शंभरच्या पुढे असेन. त्या माझ्या डोळ्यांत बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "पेटीत चाल." मराठीचा शिक्षक, भरल्या मिशीचा, मी त्या गादीवर अंग चोरून बसलो आणि जाळीतून कबूल केलं की बी.एड. झाल्यापासून गाईडांशिवाय मी काही वाचलेलं नाही. मग सिस्टर म्हणाल्या, "कोनाले नाई सांगत. पन रोज सहावीले दोन पानं वाचून दाखव. पोट्टे पुढचं मागतीन, मंग तुले वाचाच लागन." तसंच झालं. मी वाचायला लागलो तो पोरांच्या धाकाने.

सिस्टर लोकांच्या बदल्या होतच असतात. आता आमच्या सिस्टर नागपूरला, थकलेल्या सिस्टरांच्या घरी असतात. फोन करतात तेव्हा तब्येतीचं काही सांगत नाहीत. "का चालू आहे?" म्हणजे पुस्तक कोणतं चालू आहे. मागच्या वेळी मी खोटं बोलायचा प्रयत्न केला, तर म्हणाल्या, "पान सांग."

पण मला सांगायची आहे ती गोष्ट माझ्या चुकीची.

पेटीला पोरं 'कनफेसन' म्हणायची. एकाने तर निबंधात लिहिलं, 'मी कनफेसनमध्ये बसलो व मला बरे वाटले.' माझ्यातला शुद्धलेखनवाला खवळला. एवढी मराठी भाषा असताना हा शब्द कशाला? मी एक प्लायवूडची फळी आणली, पांढरा रंग दिला, त्यावर निळ्या अक्षरांत 'कबुलीजबाब कक्ष' असं सुरेख रंगवलं आणि पेटीवर ठोकलं. सिस्टरांनी ते अक्षर अक्षर लावून वाचलं. "जड आहे," म्हणाल्या. "पन तू मेहनत केली, तं असू दे." पोरांनी त्याची 'कबुली' करून टाकली. "मी आज कबुली देली," असं जिकडेतिकडे ऐकू यायला लागलं. मी खूश होतो.

त्या वर्षी माझ्या सातवीत चिचगडच्या पुढच्या एका टोलीवरची मुलगी होती. दहा-बारा घरांची टोली, चहूकडून जंगल. तिथून सातवीपर्यंत पोचलेली ती पहिलीच. मिशनच्या होस्टेलमध्ये राहायची आणि आठवड्याला घरी जायची. तिला मी कधी बसून वाचताना पाहिलं नाही. लायब्ररीच्या दारात उभी राहूनच वाचायची, पुढे जाऊन बसायलाही तिला वेळ नसायचा. एका शनिवारी ती पेटीत बसली. एका लाकूडतोड्याची गोष्ट तिने अर्धी सोडली होती. सांगायला सुरुवात केली आणि मधेच घरी जायची घंटा झाली. सिस्टर म्हणाल्या, "राहू दे. बाकी सोमवारी सांग."

पुढे घरी काय झालं ते आम्हाला नंतर कळलं. रविवारी जेवताना तिच्या आईने विचारलं, शाळेत काय केलं. ही म्हणाली, "मी कबुली देली. लाकूडतोड्याचं अर्धं सांगतलं. बाकी सोमवारी सांगाचं आहे. सिस्टर लिहून घेते."

तिच्या बाबांचा घास हातातच राहिला. त्यांच्या घरामागे, तणसाच्या, म्हणजे भाताच्या पेंढ्याच्या, ढिगाखाली, सागवानाचं एक लाकूड होतं. जंगलातून आणलेलं, अर्थातच न विचारता. आणि कबुली हा शब्द त्या भागात दोनच ठिकाणी चालतो, पोलीस चौकीत आणि जंगल खात्याच्या ऑफिसात. दोन्हीकडून माणूस हसत परत येत नाही. शुद्ध मराठीच्या नादात हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नव्हतं.

सोमवारी सकाळी प्रार्थना संपते न संपते तोच ते मुलीला घेऊन मोठ्या सिस्टरांच्या ऑफिसात उभे राहिले. "पोरीचं नाव काटून द्या," म्हणाले.

मोठ्या सिस्टरांनी कारण विचारलं. "घरी काम आहे." कसलं काम? "बकऱ्या आहेत." बकऱ्या तर आधीही होत्या. ते खाली मान घालून फरशीकडे बघत राहिले. मुलगी दाराला टेकून उभी होती, आवाज न करता रडत होती. एकदा नाव कमी झालं की त्या टोलीवरून ती परत येणार नाही, हे ऑफिसातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. वर्गशिक्षक म्हणून मला बोलावलं, पाठोपाठ आमच्या सिस्टर आल्या. त्यांना बघून तिच्या बाबांनी पहिल्यांदा मान वर केली.

"लिहून घेनारी तुम्हीच का?"

"मीच. काऊन?"

"किती लिहिलं?"

"अर्धं."

त्यांनी हात जोडले. "ते फाडून टाका, बाई. उरलेलं मी सांगतो. पोरीले मधात घेऊ नका."

एक मोठा माणूस आपण होऊन पुस्तकाचं उरलेलं सांगायला आलाय, हे ऐकून सिस्टर हरखल्या. "चाल ना मंग भाऊ, पेटीत चाल," म्हणत त्यांनी वाटच धरली. आम्ही सगळे मागे. लायब्ररीच्या दारातून पेटीवरची माझी निळ्या अक्षरांची पाटी दिसली आणि त्या माणसाच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. तरी ते आत जाऊन गादीवर बसले. बसताना सवयीने त्यांनी पेटीच्या बाजूवर बोटाच्या गाठीने टकटक केली आणि कान लावला.

"सागवान आहे," ते म्हणाले. "इकडलंच आहे. हे कोनं तोडलं?"

"माहीत नाई," जाळीशी गुडघे टेकत सिस्टर म्हणाल्या. "लई जुनं आहे. तू आपलं सांग. कोठी सोडलं? आन् काऊन?"

"सोडलं कोठी बाई, घरीच आहे. तनसाखाली."

"पुस्तक तनसाखाली ठेवलं?"

"पुस्तक नाई वो. लाकूड."

आणि मग सगळं बाहेर आलं. झाड कुठलं, किती दिवस बघून ठेवलं होतं, ते खांद्यावरून कसं आणलं. घराला दार नव्हतं. बांबूचा तट्टा होता. पोरगी मोठी होत चालली, रात्री-बेरात्री अस्वल अंगणात येतं, म्हणून चौकट आणि एक फळीचं दार करायचं होतं. तेवढंच एक झाड. विकायला नाही. हे सगळं ते पडद्याआडून एका दमात बोलले. आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

मी पुस्तकांच्या कपाटाआड उभा होतो, तिथून पुढे झालो. "सिस्टर, ही माझी चूक आहे," म्हटलं. "त्या पाटीची." आणि पडदा सारून तिच्या बाबांना सांगितलं की इथे लाकडाची नाही, पुस्तकांची कबुली देतात. तुमच्या मुलीने गोष्टीतल्या लाकूडतोड्याबद्दल सांगितलं, तुमच्याबद्दल नाही.

ते माझ्याकडे बघत राहिले. मग सिस्टरांकडे. मग दाराशी हाताची घडी घालून उभ्या असलेल्या मोठ्या सिस्टरांकडे. आपण आपल्याच तोंडाने तिघांना सगळं सांगून बसलो, हे त्यांना उमगत गेलं ते मला स्पष्ट दिसलं. मला इतकी लाज क्वचितच वाटली असेल.

मोठ्या सिस्टर आमच्या सगळ्यांच्या वहीतल्या वेलांट्या तपासायच्या. त्या म्हणाल्या, "या भागातली भाषा मला नीट समजत नाही. ते काय बोलले मला कळलं नाही. सर, पाटी तेवढी काढा." आणि निघून गेल्या. त्या दिवसापासून मी त्यांच्या शिस्तीबद्दल कुणालाही वाकडं बोलू दिलेलं नाही.

सिस्टरांनी आपली वही उघडून त्या माणसापुढे धरली. "पाह्य भाऊ. मी लाकूड लिहून घेत नाई. नुसती पुस्तकं."

त्यांनी पाहिलं, पण मान हलवली. "तरी तुम्हाले आता सगरं माहीत झालं. पोरगी अठी कशी ठेवू?"

भीतीला वही दाखवून काय होणार? ती मुलगी मात्र पेटीजवळ सरकली होती. तिच्या हातात तेच पुस्तक होतं. ती हळूच म्हणाली, "बाबा, मी ते आपल्या मनानं नाई सोडलं. पुढची पानंच नाईत."

"पानं नाईत?" ते म्हणाले. "मंग त्याचं का झालं? पकडलं का त्याले?"

"माहीत नाई."

"वाच बरं, आहे तेवढं."

तिने वाचलं. ते गादीवर बसूनच ऐकत होते, पुढे वाकून, दोन्ही हात गुडघ्यांवर. लाकूडतोड्या सांजेला ओंडका खांद्यावर घेऊन जंगलाच्या काठाशी येतो. घराचा दिवा दिसतो. आणि मागून पावलांचा आवाज येतो. तिथे पुस्तक संपत होतं. पुढे नुसता दोरा लोंबत होता.

"असं कसं सोडलं?" ते चिडून म्हणाले. "अर्ध्या रस्त्यात मानसाले उभं ठेवलं."

"तं तू सांग," सिस्टर म्हणाल्या. "तुले ठाऊक असन."

मी मुलीच्या हातात वहीचे दोन कागद दिले. मग तिचे बाबा सांगायला लागले, थांबून थांबून, आणि ती लिहू लागली. मागे कुणी नव्हतं. ओझं असलं की आपलीच पावलं दुसऱ्याची वाटतात. तो थांबला तर तीही थांबली. मग तो घरी आला. ओंडका तणसाखाली ठेवला. चार दिवस त्याला झोप लागली नाही. कुणी विचारायला येईल असं वाटायचं, पण कुणी आलं नाही. मग त्याने ओंडका बाहेर काढला, रंधा मारला, चौकट बसवली, दार लावलं.

"मंग?" सिस्टरांनी विचारलं.

मुलीची पेन्सिल कागदावर थांबलेली. तिने मान वर केली नाही. त्यांनी तिच्या वेणीकडे पाहिलं, मग बाहेर, मैदानात पी.टी. संपवून ओळ करून वर्गात जाणाऱ्या पोरांकडे.

"मंग का," ते म्हणाले, "सोमवार आला. आन् त्या दारातून त्याची पोरगी शारेत गेली."

तिने ते लिहिलं. मी पाटी काढायचं निमित्त करून स्टुलावर चढलो. सिस्टर गुडघ्यांवरून उठायचं विसरल्या होत्या.

तिचे बाबा पेटीतून बाहेर आले. पेटीचं आखूड दार त्यांनी हळूच लावलं. "शिवून टाका ते कागद," सिस्टरांना म्हणाले, आणि दुपारच्या चिचगडच्या बसने एकटेच घरी गेले.